ओनिगासे घाट, एकदाही न थांबता

मंगळवार, २१ ऑक्टोबर, शोवा ६१
(जेवणाच्या सुट्टीत)

पूज्य तोमिएआत्यांना मिओरीचा कमरेतून वाकून नमस्कार.

इकडे कारखान्यामागच्या टेकडीवरचे मेपल लाल व्हावं की नाही याचा अजून विचार करत आहेत, पण तुमच्याकडे घाटाखाली एव्हाना सकाळचं दंव पडायला लागलं असेल. तुमचे गुडघे काय म्हणतात? काकांचा खोकला? तुम्ही पाठवलेल्या अळंब्या मिळाल्या. आईने त्या भातात घातल्या आणि बाबांनी तीनदा वाढून घेतलं. बाबा तोंडाने कशाचंच कौतुक करत नाहीत हे तुम्ही त्यांची बहीण असल्यामुळे माझ्यापेक्षा जास्त सोसलेलं आहे, तेव्हा तीनदा म्हणजे काय ते तुम्ही समजून घ्यालच. (चिठ्ठीत तुम्ही 'बारा' लिहिलं होतं, टोपलीत अकरा निघाल्या. ही तक्रार मुळीच नाही. तुमच्या ओट्यामागे एखादी घरंगळली असेल तर वाया जाऊ नये, एवढ्यासाठीच कळवते.)

आत्या, मला गोष्ट सरळ सांगता येत नाही हे लहानपणापासून सगळे म्हणतात, म्हणून या वेळी शेवट आधीच सांगून टाकते: मी जिंकले. मी, तुमची मिओरी, जी दुकानातून जास्तीचे सुटे पैसे आले तर परत द्यायला पाऊस अंगावर घेत जाते, तिने शनिवारी आसागिरी मोटर कंपनीचा पन्नास वर्षांचा इतिहास बदलला. अध्यक्ष मला वाकले. खरोखर वाकले. मी मोजलं नाही, पण चार सेकंद तरी होते.

आता पहिल्यापासून. आमच्या गावात 'एकदाही न थांबता' हे शब्द किती ठिकाणी आहेत याची तुम्हाला कल्पना नसेल. कारखान्याच्या मुख्य फाटकावर ते पितळेच्या अक्षरांत आहेत. शाळेच्या प्रार्थनेत दुसऱ्या कडव्यात आहेत. स्टेशनसमोरच्या दुकानात लाल घेवड्याचं गोड सारण भरलेले बन मिळतात, त्यांच्या खोक्यावर आहेत. आमचे संस्थापक शिमोझातो गेनझो पूर्वी रेशीम गुंडाळायची यंत्रं करत, मग पन्नास वर्षांपूर्वी, शोवा ११ मध्ये, त्यांनी पहिली मोटार बांधली आणि ती तुमच्या दारावरून ओनिगासे घाट चढून 'एकदाही न थांबता' पलीकडे आमच्या बाजूला उतरवली, अशी ही कथा. माझ्या मैत्रिणीच्या लग्नात कंपनीच्या एका साहेबांनी नवरानवरीला याच शब्दांत आशीर्वाद दिला आणि मग स्वतःच एकदाही न थांबता पाऊण तास बोलले. या गावात त्या शब्दांवर शंका घेणं म्हणजे देवळात चप्पल घालून शिरण्यासारखं आहे. मी शंका घेतली नाही हो. मला ती आली.

त्याआधी दोरीचं सांगायला हवं. कंपनीत लागलेल्या प्रत्येकाला, साहेब होणार असो की टंकलेखक, पहिले तीन महिने गाड्या जोडायच्या रांगेवर उभं राहावं लागतं. रांगेच्या डोक्यावरून एक दोरी गेलेली असते. कोणालाही काही चूक दिसली की त्याने ती ओढायची. मग एका बालगीताची धून वाजते, दिवा लागतो, मुकादम पळत येतो, आणि नियम असा की त्याने तोंड उघडल्यावर पहिला शब्द 'धन्यवाद' असाच उच्चारायचा. मग पाच वेळा 'का?' विचारायचं, म्हणजे चुकीच्या मुळाशी जाता येतं. आता तुम्ही माझं शिक्षण जाणता. छातीच्या दुखण्यामुळे आठ वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही, आणि बाबांनी मला घरीच अक्षरओळख करून दिली ती त्यांच्या तपासणीच्या याद्यांवरून. इतर मुलं 'फूल', 'पक्षी' वाचायला शिकतात, मी 'दाराची फट', 'रंगावरचा ओरखडा' असं शिकले. अशा मुलीच्या डोक्यावर दोरी बांधू नये. मी त्या तीन महिन्यांत ती एकोणचाळीस वेळा ओढली. (मुकादम नुकागा-सान चाळीस म्हणतात. पण त्यांचा तो एक प्रसंग म्हणजे माझी टोपी दोरीत अडकली होती. ती मी धरत नाही.) पहिल्या दहा वेळा नुकागा-सानांचा 'धन्यवाद!' खणखणीत होता. विसाव्याला त्यात थोडा खरखरीतपणा आला. तिसाव्यानंतर नुसतं 'धन्य!' एवढंच ऐकू यायचं. मी दिसले की रांगेवरची माणसं ती धून आधीच गुणगुणायला लागायची. माझ्या मनाला फार लागलं, पण आरशावर अंगठ्याचा ठसा दिसल्यावर मी करणार काय? तीन महिने संपले तेव्हा नुकागा-सानांनी मला बाजूला घेतलं आणि अगदी मायेने म्हणाले, "हासेबे-सान, तुमच्यासारख्या बारीक नजरेला इतिहास विभागच बरा. तिथे सगळं आधीच होऊन गेलंय. थांबवायला काही शिल्लकच नाही."

इतिहास विभाग म्हणजे भोजनगृहावरची एक खोली. दर गुरुवारी तिथल्या जुन्या कागदांना रश्शाचा वास येतो. तिथे उबुकाता-सान गेली सहा वर्षं एकटे बसून कंपनीचा पन्नास वर्षांचा इतिहास लिहीत होते. आठशे बारा पानं. मार्चमध्ये ते निवृत्त होणार, नोव्हेंबरात पुस्तक निघणार, आणि मला फक्त छपाईआधीचे कच्चे कागद वाचून मुद्रणदोष काढायचे होते. आत्या, खरं सांगते, मी ते पुस्तक वाचताना तीनदा रडले. युद्धानंतर पोलाद मिळेना तेव्हा कंपनीने उरलेल्या पत्र्याची भाताची पातेली केली. ती अजून गावात आहेत, आमच्या आईकडे पण एक आहे, त्याचं झाकण आजही न हलता बसतं. मग शोवा ३३ मध्ये दोनशे गाड्या पहिल्यांदा अमेरिकेला गेल्या. तिकडचे रस्ते नदीच्या पात्राएवढे, आणि वेग वाढवला की आमच्या गाडीचं पुढचं झाकण आपसूक उघडून सलाम करायचं. तिकडच्या एका वर्तमानपत्राने 'जपानी बिस्किटांचा डबा' असं छापलं. संस्थापकांनी काय करावं? विकलेल्या, न विकलेल्या, सगळ्या दोनशे गाड्या जहाजात घालून परत आणल्या, मैदानात रांगेने उभ्या केल्या आणि प्रत्येकीचा स्क्रू न् स्क्रू सुटा केला. दोन वर्षं एकही गाडी बाहेर पाठवली नाही. आणि आज? ऑस्ट्रेलियातल्या एका मेंढपाळाचं पत्र पुस्तकात आहे. तो तक्रार करतो की एकोणीस वर्षं झाली तरी तुमची गाडी बिघडत नाही, त्यामुळे नवी घेऊ या म्हणून बायकोला पटवायला माझ्याकडे कारणच उरलेलं नाही, कंपनीने यावर काही तरी करावं. (कंपनीने दिलगिरीचं पत्र पाठवलं. त्याची नक्कल फायलीत आहे.)

आता माझ्या मनाला जे टोचलं ते असं. आठशे बारा पानांत कंपनी सतत थांबते. चुकते, थांबते, कारण शोधते, पुढे जाते. तिचं सगळं नाव त्यावरच उभं आहे. एक पहिलं प्रकरण तेवढं थांबत नाही. तिथे नवीकोरी, पहिलीवहिली, रेशमाच्या यंत्रांच्या माणसाने बांधलेली गाडी दंवाच्या दिवसांत ओनिगासे चढते आणि ठिणगीसुद्धा उडत नाही. मी ओनिगासे चढले आहे. त्या घाटात तुमची मांजर थांबते.

म्हणून मी संस्थापकांची रोजनिशी काढली. २० नोव्हेंबरच्या पानावर तीनच वाक्यं: 'ओनिगासे ओलांडला. सातदा शिकलो. एकदा उपकृत झालो.' उबुकाता-सानांनी पुस्तकात याचा अर्थ लावला होता की संस्थापकांनी वाटेत निसर्गाकडून सात धडे घेतले. ते सातही धडे त्यांनी दिले होते: चिकाटी, नम्रता, कष्ट, धीर, काटकसर, कृतज्ञता. सातवा बहुधा सुचला नसावा, कारण तिथे 'निसर्गप्रेम' होतं. मी ते पान हातात धरून ताडकन उभी राहिले. कारण ते सात धडे मला पाठ होते, आत्या. मी सात वर्षांची असताना हवा मानवेल म्हणून एक हिवाळा तुमच्याकडे राहिले होते, तेव्हा गोठ्यात गव्हाणीच्या वर ठोकलेल्या देवदाराच्या फळीवर ते लिहिलेले होते. बाबांच्या याद्या सोडल्या तर मी आयुष्यात स्वतःहून वाचलेली ती पहिली गोष्ट. गाय रवंथ करायची आणि मी मोठ्याने वाचायचे:

एक. पाणी उकळले. टाकी लहान.
दोन. पट्टा घसरला. चामडे ओले.
तीन. पुन्हा पाणी. टाकी फारच लहान.
चार. मागची स्प्रिंग मोडली.
पाच. ब्रेक जळले.
सहा. पेट्रोलमध्ये पाणी. चूक माझी.
सात. कारण कळले नाही. शोधीन.

आणि त्याखाली आठवी ओळ, ती पुढे सांगते, आणि सही, शिमोझातो गेनझो. तेव्हा मला वाटायचं, ही पण बाबांसारखीच कोणाच्या तरी बाबांची यादी असणार. तुमच्या सासऱ्यांना, कियोमात्सुआजोबांना, ती का लिहून दिली हे विचारायची अक्कल मला नव्हती.

मी उबुकाता-सानांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मग म्हणाले, "हासेबे-सान, सातदा थांबलेली गाडी कोण विकत घेईल हो? पुस्तक सोमवारी बांधणीला जायचंय. आणि फाटकावरची अक्षरं काय रात्रीतून उपटायची?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट. सहा वर्षं एका खोलीत बसलेल्या माणसाला 'तुमचं पान बारा चुकलं' असं सांगणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. आणि माझं म्हणाल तर, मी चुकले असते तर बोट माझ्याकडे नव्हतं वळणार, बाबांकडे वळणार होतं. एकतीस वर्षं शेवटच्या तपासणीच्या फाटकावर उभं राहून बाबांनी एकही गाडी चुकीची सोडलेली नाही; त्यांच्या मुलीने गावाचं दैवत खोटं ठरवलं, ते पण एका गोठ्यातल्या फळीवरून, असं झालं असतं तर त्यांनी त्या फाटकावर पुन्हा मान वर करून कसं उभं राहायचं? मी 'ठीक आहे' म्हणाले आणि अंतिम कागदांची चळत घेऊन छापखान्यात निघाले. वाटेत दोनदा थांबले. (दम लागला म्हणून नाही. आईला सांगू नका, ती लगेच आल्याचा काढा करेल.)

आमचा छापखाना कारखान्याच्याच आवारात आहे. यंत्र सुरू होतं; पहिल्या प्रकरणाचे कागद धडाधड बाहेर पडत होते. प्रत्येकावर पान बारा. आणि वर पाहते तर, आत्या, दोरी! संस्थापकांनीच कधी काळी ठरवून दिलं होतं म्हणे, की कंपनीत जिथे जिथे काम वाहतं तिथे तिथे दोरी हवी. त्यामुळे ती छापखान्यात पण आहे आणि भोजनगृहात पण. (भोजनगृहातली एकदा ओढली गेली होती, मिसोच्या आमटीत आंबवलेल्या सोयाबीनचं मिसोच नव्हतं म्हणून.) छापखान्यातली कोणीच कधी ओढली नव्हती. मुख्य मुद्रक त्सुगे-सान अकरा वर्षं तिच्यावर आपला ओला पंचा वाळत घालत होते.

मी पंच्यासकट ओढली.

धूळ खात पडलेल्या कर्ण्यातून बालगीत खोकत खोकत बाहेर आलं. यंत्र बंद पडलं. पंचा शाईत. त्सुगे-सान धावत आले. "काय झालं? कोणाचा हात गेला?"

"नाही. पान बारावर चूक आहे."

"अहो मग तोंड दिलंय ना देवाने! तोंडाने सांगायचं! हे थांबतं, सुरू कसं करायचं ते मला तरी कुठे माहीतेय?" मग त्यांनी कपाटातून नियमांचं पिवळं पडलेलं पुठ्ठ्याचं कार्ड शोधून काढलं, चष्मा लावून वाचलं, आणि दात उपटून घेतल्यावर वैद्याला म्हणावं तशा आवाजात म्हणाले, "धन्यवाद."

आणि इथेच मी जिंकले, आत्या, पण मला ते कळलं नव्हतं. कारण दोरीचा नियम असा आहे की कारण मिटल्याशिवाय काम सुरू करता येत नाही. दहा मिनिटांत मिटलं नाही तर विभागप्रमुख यायचे, अर्ध्या तासात नाही मिटलं तर त्यांचे वरचे, दोन तासांत नाही तर थेट अध्यक्ष. रांगेवर अध्यक्षांपर्यंत वेळ कधी येतच नाही, कारण तिथे फार तर एखादा स्क्रू बदलायचा असतो. इथे पन्नास वर्षं बदलायची होती. एकेक साहेब धापा टाकत यायचे, नियमाप्रमाणे आधी 'धन्यवाद' म्हणायचे, मग 'का?' विचारायचे, माझं उत्तर ऐकायचे आणि पांढरे पडून म्हणायचे की हे आपल्या अधिकारात बसत नाही. एका दुपारी मला सात लोकांनी 'धन्यवाद' म्हटलं, त्यातल्या एकालाही ते वाटत नव्हतं. तिकडे तपासणीच्या फाटकावर दिव्यांचा मोठा फलक आहे. त्यावर 'मुद्रण' हा दिवा लागलेला आजवर कोणी पाहिलेला नव्हता. लोक जमले. म्हणे बाबांनी वर पाहिलं, हातमोजे काढले, नीट घडी केली आणि म्हणाले, "आमची मिओरी असणार."

चार वाजता अध्यक्ष शिमोझातो आले. संस्थापकांचे चिरंजीव, अठ्ठावन्न वर्षांचे, भुवया अशा दाट की त्यांच्या मनात काय आहे ते कळतच नाही. सगळे साहेब भिंतीला चिकटले. उबुकाता-सान खुर्चीत बसले होते, हातात पान बारा. अध्यक्षांनी 'धन्यवाद' म्हटलं आणि दोरीच्या नियमाप्रमाणे पाच 'का' सुरू केले.

"यंत्र का थांबवलं?"

"पान बारावर गाडी एकदाही थांबली नाही असं आहे, म्हणून."

"मग ते चूक का?"

"ती सातदा थांबली, म्हणून." (इथे भिंतीकडून कोणी तरी उसासा टाकला.)

"हे तुम्ही का म्हणता?"

"संस्थापकांनी स्वतः फळीवर लिहून ठेवलंय. आत्याच्या गोठ्यात मी वाचलंय." आणि मी सातही ओळी म्हणून दाखवल्या. माझे डोळे मिटलेले होते, कारण तशाच त्या मला पाठ आहेत, डोळे मिटून आणि रवंथीच्या तालावर.

"ती फळी गोठ्यात का?"

"कारण आठवी ओळ गायीची आहे." माझा आवाज उंदरासारखा झाला होता. "'आठ. कियोमात्सु यांच्या फुकु गायीने घाटमाथ्यापर्यंत ओढले. गाय एकदाही थांबली नाही.'"

फाटकावरची पितळेची अक्षरं, शाळेची प्रार्थना, बनांची खोकी, सगळं त्या खोलीत येऊन उभं राहिल्यासारखं वाटलं, आणि सगळ्यांच्या मधोमध तुमची फुकु. भिंतीजवळच्या एका साहेबांच्या नाकातून विचित्र आवाज आला आणि त्यांनी तो खोकल्यात लपवला.

पाचवा 'का' अध्यक्षांनी मला विचारलाच नाही. ते खिडकीकडे वळले. "मी आठ वर्षांचा होतो," ते म्हणाले. "घाटाच्या या बाजूला कागदी झेंडा घेऊन उभा होतो. बाबा उतरले, मी त्यांच्या कोटाला मिठी मारली. गोठ्याचा वास. मी विचारलं, बाबा, हा कसला वास? तर म्हणाले, प्रगतीचा." मग त्यांच्या भुवया हलायला लागल्या, आणि मला वाटलं हे रडणार, पण ते हसत होते. "पन्नास वर्षं, हासेबे-सान! पन्नास वर्षं मी या कारखान्यात फिरतोय, आणि मनात येतं की सगळं झालं, गाड्या जगभर पोहोचल्या, मग तो वास का येत नाही?"

मग त्यांनी पुन्हा 'धन्यवाद' म्हटलं, नियमात नसलेलं, आणि वाकले. ते मी वर सांगितलंच.

पुढचं थोडक्यात. पहिलं प्रकरण नव्याने लिहायचं ठरलं, नाव 'सातदा'. फाटकावरची अक्षरं तशीच राहणार, फक्त खाली बारीक पितळेत येणार: 'फुकु गाय, शोवा ११'. बनांच्या दुकानदाराकडे तीस हजार खोकी छापून तयार होती. तो तावातावाने आला, अर्धा तास ओरडला आणि जाताना विचारून गेला की गायीचं चित्र शिंगांसकट हवं की बिनशिंगांचं. उबुकाता-सानांची निवृत्ती सहा महिने पुढे गेली. ते मला जिन्यात भेटले. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "सहा वर्षं ते वाक्य लिहिताना माझं पेन अडखळायचं हो. मला वाटलं पेनच वाईट." आणि दोन पायऱ्या उतरून मागे वळून, "'निसर्गप्रेम' काढता येईल, हे फार बरं झालं." ज्या गाडीला गायीने ओढलं तिच्या कंपनीची गाडी आज कोणाला ओढून न्यावी लागत नाही, याहून मोठी जाहिरात कुठली, असं आता विक्रीचे साहेब स्वतःच सगळ्यांना सांगत फिरत आहेत, जणू दोरी त्यांनीच ओढली.

आणि बाबा. शनिवारी घरी आले, बिअरची बाटली उघडली, दोन पेल्यांत ओतली, एक माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाले, "चाळीस झाल्या." म्हणजे टोपीची त्यांनी पण धरली नाही, आत्या. आई म्हणते मी उगाच रडले.

तर अशी सगळी आनंदाची बातमी. थंडी वाढते आहे, गुडघ्यांना लोकरीचे पट्टे बांधत जा, आणि काकांना सकाळच्या गार पाण्यात हात घालू देऊ नका. तुमच्या फुकुला, ती जिथे असेल तिथे, माझा नमस्कार.

तुमची,
मिओरी

ता.क. एक बारीकशी गोष्ट राहिली. अध्यक्षांनी निघताना विचारलं होतं, "ती फळी आता कुठे आहे?" आणि मी म्हणाले, "आत्याच्या गोठ्यात, सुखरूप." 'गोठ्यात' याची मला खात्री होती. 'सुखरूप' हा शब्द मात्र माझ्या तोंडून तसाच निघून गेला, आणि तो गेले तीन दिवस माझ्या घशात भाताच्या कोंड्यासारखा अडकला आहे. कृपया एकदा गव्हाणीवर पाहून याल का?

ता.क. दुसरा. वरचा ता.क. लिहून झाल्यावर संध्याकाळी घरी येऊन मी तुमची नववर्षाची कार्डं काढली (मी ती सालवार ठेवते). शोवा ५९ च्या कार्डावर तुम्ही लिहिलं आहे: 'गोठा पाडला. त्या जागी काकांची नवी गाडी सुखाने उभी आहे.' सोबत फोटो छापलेला आहे. आत्या, मी फोन करणार होते, पण फोन काकाच उचलतात आणि मला हे त्यांना तोंडाने सांगवणार नाही. काकांची गाडी आपल्या कंपनीची नाही. ती दुसऱ्या कंपनीची आहे. मी हे आजवर कधी मनात आणलं नव्हतं. गाडी सुंदर आहे, रंगावर एक ओरखडा नाही. पण मी बाबांचं भिंग लावून फोटो पाहिला. गाडी मागे सरकू नये म्हणून मागच्या डाव्या चाकाखाली एक फळी आहे. फळीवर काळी अक्षरं आहेत. चाकाच्या उजवीकडे मला स्पष्ट वाचता आलं: 'एकदाही थांबली नाही'.

म्हणजे ती आहे! कृपा करून काकांना सांगा, गाडी एक वीतभर पुढे घ्या, हळू, आणि चाक फळीवर न घासता. फळी धुऊ नका, पुसू पण नका. काका रविवारी गाडी धुतात ना? या रविवारी मुळीच नको.

ता.क. तिसरा, आणि खरं म्हणजे यासाठीच हे पत्र जलद टपालाने पाठवते आहे. अध्यक्ष, उबुकाता-सान आणि छायाचित्रकार येत्या रविवारी सकाळी दहा वाजता फळीचं दर्शन घ्यायला तुमच्याकडे येत आहेत. आसागिरीच्या सगळ्यांत मोठ्या गाडीतून. तोपर्यंत काकांची गाडी कुठेही हलवा, शेजाऱ्यांकडे, शाळेमागे, नदीपलीकडे, काकांना वाटेल तिथे. फक्त घाटात नको. ते तिकडूनच येणार आहेत, आणि वाटेत सात ठिकाणी थांबत.